वयस्कर आणि दिव्यांग माणसांसाठी घरात बदल करायचेत? पैसे उभे करण्याची वाट, पायरीपायरीने

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, ७१ व्या वर्षी पक्षाघात झाला. डावा हात आणि डावा पाय गेला. दवाखान्यातून गाडीने घरी आणलं, पडवीपर्यंत चाकाची खुर्ची व्यवस्थित आली आणि माजघराच्या उंबऱ्याला अडली. चौघांनी उचलून आत नेलं. रात्री लघवीला उठायचं झालं तेव्हा खरी अडचण कळली. न्हाणीचं दार २४ इंचांचं, खुर्ची २५ इंचांची. संडास परसात, तीन पायऱ्या उतरून, तोही भारतीय पद्धतीचा.

त्यानंतरचे आठ महिने मी सरकारी कचेऱ्या, बँका, पतसंस्था आणि गवंडी यांच्यात फिरले. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. धाकटे दीर ठाण्यात नोकरीला, आमच्या ह्यांचं गावात छोटं गॅरेज. पैसा बेताचाच. या फिरण्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमच्या घरात आज अशी वेळ आली असेल, तर निदान माझ्याइतक्या खेपा पडू नयेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे मनस्ताप वाचेल. ‘वृद्धांच्या घरात बदल करण्यासाठी अनुदान’ अशा नावाची एक खिडकी शोधत बसू नका. मी तीन महिने शोधली. पैसा येतो तो तुकड्यातुकड्याने येतो. खुर्ची एका योजनेतून, संडास दुसरीतून, थोडी रोख रक्कम ग्रामपंचायतीतून किंवा महापालिकेतून, थोडी करसवलतीतून आणि उरलेली कर्जातून. म्हणून कामाचेही तुकडे करायचे आणि कुठला तुकडा कुठल्या दाराशी न्यायचा ते ठरवायचं.

दुसरी गोष्ट, मंजुरी आधी, गवंडी नंतर. काम उरकून बिल घेऊन गेलात तर बहुतेक ठिकाणी हात हलवत परत यावं लागतं.

## हाताशी ठेवायची कागदपत्रं

एक प्लास्टिकची फाइल करा आणि प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स काढून ठेवा.

- आधार कार्ड (ज्यांच्यासाठी बदल करायचे त्यांचं आणि अर्ज करणाऱ्याचं)
- यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) किंवा दिव्यांग प्रमाणपत्र
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, रहिवासी दाखला
- आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक. खातं शक्यतो लाभार्थ्याच्या एकट्याच्या नावाचं असावं
- घराचा कागद: गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, शहरात मालमत्ता कराची पावती, सोसायटीत शेअर सर्टिफिकेट
- डॉक्टरांचं किंवा थेरपिस्टचं पत्र (कसं घ्यायचं ते पुढे आहे)
- कामाचं लेखी अंदाजपत्रक, शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या माणसांकडून
- बदल करण्याआधीचे फोटो

घराच्या कागदावर नाव कोणाचं आहे, ते आजच बघा. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर हा प्रश्न येणार आहे. आमचं घर अण्णांच्या नावावर आणि पैसे काढणार मुलगे, यामुळे दोन चांगल्या वाटा आम्हाला बंद झाल्या.

## पायरी १: टेप घ्या आणि घर मोजा

कुठल्याही कार्यालयात जाण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढा. माणूस पलंगावरून उठून संडासापर्यंत कसा जातो, ती वाट रात्रीच्या उजेडात चालून बघा. बहुतेक पडझड याच वाटेवर होते. वाटेतला प्रत्येक उंबरा, पायरी, दाराची रुंदी, ओली होणारी फरशी आणि दिव्याचं बटण कुठे आहे, हे सगळं वहीत लिहा.

काही मापं पाठच करून ठेवा:

- उतार (रॅम्प): १ फूट उंचीला १२ फूट लांबी. आमची पुढची पायरी ९ इंच होती, म्हणजे ९ फुटांचा उतार. गवंडी म्हणाला, ‘ताई, चार फुटांत बसवतो.’ चार फुटांत बसतो खरा, पण त्यावरून खुर्ची ढकलताना ढकलणाऱ्याचा पाय घसरतो आणि उतरताना खुर्ची हातातून निसटते. जुन्या घराचं जोतं दोन फूट उंच असेल तर २४ फूट लागतात. अंगणात एवढी जागा नसेल तर मधे सपाट टप्पा ठेवून उतार वळवून घ्या.
- दार: ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट मोकळी जागा.
- खुर्ची वळवायला: १५०० मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांचा गोल.
- कमोडची बैठक: जमिनीपासून ४५० ते ४८० मिलिमीटर.

यानंतर कामाची यादी तीन भागांत करा. पहिला भाग वस्तू: खुर्ची, वॉकर, कमोड खुर्ची. दुसरा बांधकाम: उतार, दार, कमोड, फरशी, आधाराचे बार. तिसरा सामायिक जागा: जिना, लिफ्ट, सोसायटीचं प्रवेशद्वार. या तिन्हींचे पैसे वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात.

यादी घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या किंवा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी विभागात जा. मुंबईच्या आसपास असाल तर हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. मोबाइलमधले फोटो दाखवा आणि ‘या रुग्णाला घरात पुढील बदलांची गरज आहे’ असं शिक्क्यासह लिहून मागा. दोन ओळींचं पत्र पुरतं. आमच्या फाइलमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला कागद तोच. शिवाय तिथल्या बाईंनी अण्णांना उभं करून त्यांचा उजवा हात सहज कुठवर पोचतो ते बघितलं आणि बार भिंतीवर नेमका कुठे हवा, त्याची उंची लिहून दिली. मी घरी अंदाजाने खूण केली होती ती चार इंच वर होती.

## पायरी २: यूडीआयडी कार्ड काढा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य आहेत, आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. म्हातारपणी पक्षाघात, पाय कापावा लागणं, दृष्टी जाणं किंवा कंपवात यामुळे आलेलं अपंगत्वही यात बसतं. ‘हे जन्मापासूनच्या अपंगांसाठी असतं’ हा समज खूप घरांत आहे. आमच्याही होता, आणि त्यात दोन महिने गेले.

अर्ज स्वावलंबन कार्डाच्या पोर्टलवर भरायचा, रुग्णालय निवडायचं आणि ठरलेल्या दिवशी तपासणीला जायचं. स्वतः भरता येत नसेल तर सेतू केंद्रात किंवा सीएससी केंद्रात भरून देतात. कार्डावरच्या पट्टीचा रंग टक्केवारी सांगतो: ४० पेक्षा कमी असेल तर पांढरी, ४० ते ७९ ला पिवळी, ८० आणि त्यापुढे निळी.

इथे लोक अडकतात ते असे:

- पक्षाघातानंतर लगेच गेलात तर परत पाठवतात. आम्हाला सहा महिने थांबायला सांगितलं, कारण तोपर्यंत किती सुधारणा होईल ते कळत नाही. या काळात वस्तू उसन्या आणा (पायरी ३) आणि उत्पन्नाचा दाखला, अंदाजपत्रक यांची तयारी करा.
- नावातला फरक. आधारवर ‘विठ्ठल’ आणि पासबुकात ‘विठल’ असं काही असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या.
- सगळे जुने रिपोर्ट न्या. डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा अहवाल मूळ प्रतीसह.
- एजंट. कार्ड लवकर काढून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणारी माणसं रुग्णालयाच्या दारातच भेटतात. पैसे देऊ नका. तपासणीची तारीख त्यांच्या हातात नसते.

अण्णांना ६८ टक्के मिळाले, पिवळी पट्टी.

## पायरी ३: वस्तू आधी, कारण त्या लवकर मिळतात

उसन्या वस्तू. कमोड खुर्ची, वॉकर, फाउलर बेड (डोक्याकडची आणि पायाकडची बाजू वर करता येणारा पलंग), हवेची गादी अशा वस्तू अनामत रक्कम घेऊन देणारी रुग्णसाहित्य केंद्रं जवळपास प्रत्येक शहरात आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावी आहेत. रोटरी, लायन्स क्लब, गणेश मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ ती चालवतात. भाडं नाममात्र असतं आणि अनामत परत मिळते. काही विकत घेण्याआधी तिथे विचारा. आम्ही कमोड खुर्ची तिथूनच आणली आणि पाच महिने वापरली. त्यामुळे अण्णांना कुठली उंची सोयीची पडते ते कमोड बसवण्याआधीच कळलं.

राष्ट्रीय वयोश्री योजना. केंद्राची, २०१७ पासूनची. वय ६० च्या पुढे आणि दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत. वॉकर, काठी, चाकाची खुर्ची, कमोड असलेली खुर्ची अशी साधनं ॲलिम्को या सरकारी कंपनीमार्फत शिबिरात मोफत मिळतात. शिबिर कधी आहे ते जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही विचारपूस करायला चांगली आहे.

मुख्यमंत्री वयोश्री योजना. महाराष्ट्राची, फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाची. वय ६५ च्या पुढे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत. एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात येतात, आणि त्यातून कमोड खुर्ची, फोल्डिंग वॉकर, ट्रायपॉड काठी वगैरे घ्यायचं. मागच्या तीन वर्षांत सरकारकडून तीच वस्तू मोफत घेतलेली नसावी. पैसे आल्यावर ३० दिवसांच्या आत खरेदीचं बिल द्यावं लागतं. आमच्या शेजारच्या काकूंच्या खात्यात पैसे आले, ते किराण्यात गेले आणि नंतर बिलासाठी त्यांची धावपळ झाली. ही रक्कम आली की त्याच आठवड्यात खरेदी उरका.

एडिप योजना. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची योजना. वयाची अट नाही, पण किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात नाव नोंदवून ठेवा. आमचं उत्पन्न दुसऱ्या पट्ट्यात बसलं आणि चाकाची खुर्ची निम्म्या पैशांत आली.

शिबिरात खुर्ची घेताना तिची रुंदी घरच्या दाराशी जुळते का, ते बघून घ्या. टेप सोबत न्या.

## पायरी ४: ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेचा ५ टक्के निधी

हा भाग मी सविस्तर लिहिते आहे, कारण गावोगावी तो बहुतेकांना माहीत नसतो आणि माहीत असलेले सांगत नाहीत.

महाराष्ट्रात प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. आधी हे प्रमाण ३ टक्के होतं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका, सगळ्यांना हे लागू आहे. यातून वैयक्तिक लाभही देता येतो.

अपेक्षा मात्र हिशेबाने ठेवा. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं वगैरे, वर्षाला १० लाख असेल तर ५ टक्के म्हणजे ५०,००० रुपये. गावात २५ दिव्यांग असतील आणि सरसकट वाटप झालं तर प्रत्येकी २,००० येतात. त्यात तीन बारही बसत नाहीत. म्हणून नुसता ‘मदत मिळावी’ असा अर्ज करू नका. नेमकं काम लिहा: ‘राहत्या घरातील शौचालय दिव्यांग व्यक्तीस वापरण्यायोग्य करण्यासाठी, सोबतच्या अंदाजपत्रकानुसार अर्थसाहाय्य मिळावे.’ सोबत थेरपिस्टचं पत्र, अंदाजपत्रक आणि फोटो जोडा.

क्रम असा ठेवा:

1. ग्रामसेवकांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) भेटून दिव्यांगांच्या नोंदवहीत नाव आहे का ते बघा. नसेल तर यूडीआयडीची प्रत देऊन चढवून घ्या.
2. अर्ज दोन प्रतींत द्या. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. माझा पहिला अर्ज शिक्क्याविना टेबलावर राहिला आणि दोन महिन्यांनी ‘असा अर्जच आला नाही’ असं ऐकायला मिळालं.
3. ग्रामसभेला जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास सभा होतात. तिथे उभं राहून सांगा की दिव्यांग निधीत घरातल्या उतारासाठी आणि शौचालयातल्या बदलांसाठी साहाय्य धरावं. मी उभी राहिले तेव्हा पाय कापत होते. पण माझ्यानंतर आणखी दोन घरांतल्या बायका बोलल्या आणि इतिवृत्तात विषय आला.
4. पुढच्या वर्षाच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्याची चर्चा २ ऑक्टोबरनंतर सुरू होते. अर्ज तेव्हा हातात असावा. मार्चमध्ये गेलात तर निधी वाटून झालेला असतो.
5. त्याच कागदांवर पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातही अर्ज द्या. त्यांचा ५ टक्के निधी वेगळा असतो.

शहरात ही गोष्ट थोडी सोपी आहे, कारण महापालिकांचं उत्पन्न मोठं असतं आणि दिव्यांगांसाठी ठरावीक योजना असतात. पुण्यात समाज विकास विभाग त्या बघतो. इतर ठिकाणी प्रभाग कार्यालयात ‘दिव्यांग कल्याण योजना’ असं विचारलंत की टेबल दाखवतात. अर्ज घेण्याची मुदत ठरलेली असते, ती चुकवू नका.

दाद लागत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह साधा अर्ज करा: गेल्या तीन वर्षांत स्वतःचं उत्पन्न किती, ५ टक्क्यांप्रमाणे रक्कम किती, खर्च किती आणि कशावर. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. माझ्या बाबतीत अर्ज दिल्यावर दहाव्या दिवशी बोलावणं आलं.

आम्हाला ५,००० रुपये मिळाले.

## पायरी ५: संडास आणि घरकुल

घरात संडासच नसेल तर स्वच्छ भारत अभियानातून वैयक्तिक शौचालयासाठी १२,००० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्या पण दिव्यांग व्यक्ती असलेल्या कुटुंबालाही ते लागू आहेत. जुना संडास बदलून कमोड बसवायला मात्र ही रक्कम मिळत नाही. संडास आहे अशी नोंद असेल तर इथे वेळ घालवू नका.

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घरकुल मंजूर झालं असेल, सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये, तर आराखडा आखतानाच दार तीन फुटांचं धरा, संडास घराला लागून घ्या आणि उंबरा ठेवू नका. हे तेव्हा जवळपास फुकटात होतं. नंतर भिंत फोडायला गेलात की हजारांत जातं.

## पायरी ६: पीएफ, कर्ज आणि रिव्हर्स मॉर्गेज

वरच्या सगळ्यातून पूर्ण खर्च निघत नाही, आमचाही निघाला नाही.

पीएफ. नोकरीतल्या मुलाला घरदुरुस्तीसाठी पीएफमधून अंशतः रक्कम काढायची तरतूद आहे, पण घर त्याच्या, बायकोच्या किंवा दोघांच्या नावावर हवं. आमचं अण्णांच्या नावावर, म्हणून दिरांना ती मिळाली नाही. आजारपणासाठीच्या तरतुदीत मात्र पक्षाघाताचा थेट उल्लेख आहे, आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांसाठीही ती चालते. दिरांनी औषधं आणि फिजिओथेरपीसाठी ती रक्कम काढली, त्यामुळे घरातली शिल्लक मोडावी लागली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफचा कारभार बघणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याच्या १३ तरतुदी एकत्र करून तीन गट करायचा निर्णय घेतला: अत्यावश्यक गरजा, घर आणि विशेष परिस्थिती. अर्ज करताना आपलं कारण कुठल्या गटात बसतं ते पोर्टलवर नीट वाचा. सरकारी नोकरीत असाल तर भविष्य निर्वाह निधीबद्दल आस्थापना विभागात विचारा.

घरदुरुस्ती कर्ज. बँका देतात, पण कागद स्वच्छ लागतो. गावठाणातल्या घराला नुसत्या नमुना ८ वर बँक सहसा तयार होत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळालं असेल तर ते घेऊन जा. आम्ही शेवटी गावच्या पतसंस्थेतून २०,००० घेतले. व्याज जास्त, पण रक्कम लहान आणि वर्षात फेडता येण्यासारखी. वैयक्तिक कर्ज देणाऱ्या मोबाइल ॲपच्या नादी लागू नका.

रिव्हर्स मॉर्गेज. शहरात स्वतःच्या नावावर घर आहे, पण हातात रोख नाही, मुलं परदेशी आहेत, अशा ६० वर्षांपुढच्या जोडप्यांसाठी ही वाट आहे. घर बँकेकडे तारण राहतं आणि बँक दरमहा किंवा ठरलेल्या पद्धतीने पैसे देते. घरात राहता तोवर फेडावं लागत नाही. नंतर वारस कर्ज फेडून घर ठेवू शकतात. घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण यासाठी हे पैसे वापरता येतात. सही करण्याआधी मुलांना समोर बसवून सगळं सांगा. हे मी कळकळीने सांगते आहे. घर म्हटलं की वारसांचा जीव अडकलेला असतो आणि न सांगता केलेल्या गोष्टीने नाती तुटतात.

दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचंही नाव तुम्हाला कोणीतरी सुचवेल. त्याची कर्जं मुख्यतः स्वयंरोजगारासाठी असतात. न्हाणीसाठी तिकडे खेप घालू नका.

## पायरी ७: प्राप्तिकरातली सवलत

अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकाच्या उपचार आणि पुनर्वसनावर खर्च करणाऱ्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. खर्च कमी झाला असला तरी वजावट पूर्ण मिळते. १९६१ च्या कायद्यात हे कलम ८० डीडी. दिव्यांग व्यक्ती स्वतः कर भरत असेल तर तिच्यासाठी ८० यू, रक्कम तीच. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा सीएंना सवलतीच्या नावाने विचारा.

- ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. दोन्ही प्रणालींत कर काढून बघा, मग ठरवा.
- नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण. सासू-सासरे त्यात नाहीत. मी कमावती असते तरी अण्णांसाठी मला ती घेता आली नसती. मुलालाच घेता येते.
- एकाच माणसासाठी ८० यू आणि ८० डीडी दोन्ही घेता येत नाहीत.

अण्णांचा औषधपाण्याचा आणि दरमहाचा खर्च दीर करतात, म्हणून त्यांनी ही वजावट घेतली. ते २० टक्क्यांच्या टप्प्यात येतात, तेव्हा उपकरासह १५,६०० रुपये वाचले आणि ते त्यांनी न्हाणीच्या कामाला दिले. हे पैसे विवरणपत्र भरल्यावर मिळतात, तोवर हातउसने लागतात.

घरदुरुस्तीचं कर्ज घेतलं असेल तर राहत्या घरासाठी वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत व्याजाची वजावट आहे, तीही जुन्या प्रणालीत आणि घर कर्ज घेणाऱ्याच्या मालकीचं असेल तरच.

## पायरी ८: सोसायटीत किंवा भाड्याच्या घरात राहत असाल तर

फ्लॅटमध्ये भिंत, दार किंवा नळाची लाइन हलवण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्या. बीम-कॉलमला हात लावू नका. खालच्या मजल्यावर गळती झाली तर दुरुस्ती तुमच्या गळ्यात येते. प्रवेशद्वाराच्या तीन पायऱ्यांवर उतार हवा असेल तर तो विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत लेखी पत्र देऊन घालायला लावा. दिरांच्या सोसायटीत आधी विरोध झाला. मग त्यांनी उतार हवा असलेल्या सात घरांच्या सह्या आणल्या आणि खर्च दुरुस्ती निधीतून झाला. बाळाच्या गाड्या नेणाऱ्या आयांनीही सह्या केल्या होत्या.

भाड्याच्या घरात मालकाकडून लेखी संमती घ्या आणि सुटं करून नेता येईल तेच करा: कमोड खुर्ची, पत्र्याचा सुटा उतार, पलंगाचा कठडा.

## पायरी ९: काम करून घेताना

आमचा खर्च असा झाला: तीन बार बसवून ३,६००, कमोड आणि खरबरीत फरशी २१,०००, दार ७,५००, उतार १४,०००, दिवे आणि बटणं २,२००. एकूण ४८,३००. त्यात ग्रामपंचायतीचे ५,०००, दिरांचे १५,६००, पतसंस्थेचे २०,००० आणि आमचे ७,७००.

पैसे एकदम नसतील तर आधी बार आणि दिवे लावा, मग कमोड, मग दार आणि शेवटी उतार.

टॉवेलची दांडी आधाराला लावू नका. आम्ही पहिल्या महिन्यात घाईने लावली होती. अण्णांनी उठताना तिला धरलं आणि दांडी प्लास्टिकच्या गुट्ट्यांसकट हातात आली. नशिबाने मागे खुर्ची होती. आधाराचा बार जाड नळीचा असतो, हाताची मूठ नीट बसेल एवढा, आणि तो विटेच्या भिंतीत खोल जाणाऱ्या अँकर बोल्टवर बसवतात. पोकळ ब्लॉकची किंवा पार्टिशनची भिंत असेल तर मागून लोखंडी पट्टी घ्यावी लागते. आमची भिंत दगड-मातीची, तिथे गवंड्याने आधी वितभर खणून सिमेंट भरलं, आठवडा वाळू दिलं आणि मग बोल्ट मारले.

न्हाणीचं दार बाहेर उघडणारं करा. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्या अंगालाच अडतं. जागा नसेल तर सरकतं दार घ्या. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवा.

दगडी भिंतीत दार रुंद करताना दारावरची आडवी तुळई (लिंटेल) न बघता चौकट काढू देऊ नका. आमच्या गवंड्याने आधी टेकू लावले, मगच चौकट सोडवली.

गवंड्याला पैसे तीन टप्प्यांत द्या, आणि शेवटचा हप्ता खुर्चीवर बसवून माणसाला पलंगापासून संडासापर्यंत एकदा नेऊन आणल्यावरच. आम्ही तसं नेलं तेव्हा नव्या फरशीची कड खोलीपेक्षा अर्धा इंच वर निघाली, आणि पुढच्या चाकाला तेवढंही अडतं. गवंड्याने त्याच दुपारी ती घासून उतरती केली.

काम झाल्यावर पक्की बिलं, आधीचे आणि नंतरचे फोटो ग्रामपंचायतीत जमा करा आणि पोच घ्या. आणि महिन्यातून एकदा सगळ्या बारना दोन्ही हातांनी लोंबकळून बघा. जरा जरी हलला तर त्याच दिवशी बोल्ट आवळून घ्या.